अंगठा लावण्याआधी : भाड्याच्या घराचा करार कसा वाचावा

शाळा-कॉलेज सुरू होण्याचे आणि नोकरी बदलण्याचे दिवस आले की पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर इथे भाड्याच्या घरांसाठी पळापळ सुरू होते. हवेशीर खोल्या, पाण्याची वेळ, स्टेशनपासूनचे अंतर, पार्किंग हे सगळे आपण बारकाईने पाहतो. मग करार करणारा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो. ‘सगळं नेहमीचंच आहे’ असे सांगत मसुदा स्क्रीनवर भराभर वर सरकवतो आणि आपण अंगठा टेकवून मोकळे होतो. पुढच्या वर्षभरातल्या बहुतेक तंट्यांचे मूळ त्या न वाचलेल्या पानांत असते.

महाराष्ट्रात या पानांना कायद्याने असाधारण वजन दिले आहे. घर दाखवताना मालक किंवा एजंट जे बोलला, ते करारात उतरले नसेल तर त्याला जवळपास किंमत उरत नाही. म्हणून घर पसंत पडल्यापासून अंगठा लावेपर्यंतच्या दिवसांत काय तपासायचे आणि काय लिहून घ्यायचे, ते इथे क्रमाने मांडले आहे.

आपला हक्क नेमका कोणता?

मुंबई-पुण्यात आज राहण्यासाठी होणारे बहुतेक करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चे असतात. बोलताना आपण त्याला भाडेकरार म्हणतो आणि स्वतःला भाडेकरू. कायद्याच्या नजरेत मात्र आपण परवानाधारक असतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भाडेपट्टा झाला तर भाडेकरूला त्या जागेत काही हितसंबंध मिळतो. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यातल्या परवान्याने मिळते ती फक्त ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरण्याची मुभा.

ही पद्धत इथे रुजण्यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूंना भक्कम संरक्षण दिले, तेव्हा त्या संरक्षणाच्या कक्षेबाहेर राहण्यासाठी मालक परवान्याच्या कराराकडे वळले. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत राहणाऱ्यांना दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला आणि मालकांनी चांगलाच धसका घेतला. सध्या लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याने कलम २४ मध्ये मालकाला स्पष्ट मार्ग आखून दिला आहे. मुदत संपली की परवानाधारकाने जागा सोडायची. न सोडल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा घ्यायचा.

याच कलमात आणखी एक महत्त्वाचे वाक्य आहे : परवान्याचा लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जाईल. ‘त्यांनी तर तीन वर्षं राहा म्हणून सांगितलं होतं’ हे वाक्य प्राधिकाऱ्यासमोर टिकत नाही. करारात अकरा महिने लिहिले असतील तर अकराच.

परवान्याची आणखी एक मर्यादा फार कमी जणांना ठाऊक असते. मालकाने मुदतीच्या मध्येच घर विकले, तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार नवा मालक त्या परवान्याला बांधील नसतो. आपली चूक नसताना मुदतीआधी बाहेर पडावे लागले, तर कलम ६४ प्रमाणे परवाना देणाऱ्याकडून भरपाई मागता येते, पण त्या दिवशी डोक्यावर छप्पर हवे असते. म्हणून घर विक्रीला काढले आहे का, हे आधीच विचारावे. मुदतीत विक्री झाली तर किमान दोन महिन्यांची सूचना आणि पूर्ण डिपॉझिट मिळेल, असे कलम घालून घ्यावे.

अकरा महिन्यांचा गैरसमज

‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही, स्टँप पेपरवर नोटरी करून टाकू’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असते. अकरा महिन्यांची प्रथा पडली ती यातूनच. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने हा प्रश्न निकाली काढला. परवान्याचा असो वा भाड्याचा, करार लेखीच हवा आणि तो नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो.

हे कलम राहणाऱ्याच्या बाजूचे आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोडून काढायचे तर पुरावा मालकाने द्यायचा. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला दोष सिद्ध झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मालक नोटरीवर अडून बसला, तर हे कलम त्याला शांतपणे दाखवावे.

नोंदणीकृत करार पत्त्याचा पुरावा म्हणूनही लागतो. बँक खाते, गॅस जोडणी, पासपोर्ट इथे तो उपयोगी पडतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्या पालकांना आरटीईच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर मुलासाठी अर्ज करायचा असेल, तर नोंदणीकृत भाडेकरारच मागितला जातो. अशा कुटुंबाचे नोटरीच्या कागदावर भागत नाही.

मुदत अकरा महिन्यांचीच असावी असेही नाही. परवान्याचा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. घर आणि मालक दोन्ही पसंत असतील, तर दोन किंवा तीन वर्षांचा करार करून दरवर्षीची वाढ त्यातच लिहून घेतलेली बरी. दर अकरा महिन्यांनी नव्याने घासाघीस करावी लागत नाही आणि एजंटला पुन्हा पैसेही द्यावे लागत नाहीत.

नोंदणीचा खर्च किती येतो?

परवान्याच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज, या सगळ्यांच्या बेरजेवर लागते. नोंदणी शुल्क महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५०० रुपये.

एक उदाहरण घेऊ. भाडे दरमहा २०,००० रुपये, डिपॉझिट १,००,००० रुपये, मुदत ११ महिने. अकरा महिन्यांचे भाडे २,२०,००० रुपये. एक लाखावर १० टक्के दराने अकरा महिन्यांचे व्याज साधारण ९,१६७ रुपये. बेरीज २,२९,१६७ रुपये. तिचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ५७३ रुपये. त्यात १,००० रुपये नोंदणी शुल्क मिळवले की सरकारी देणे सोळाशेच्या आसपास येते. वर दस्त हाताळणीचे किरकोळ शुल्क आणि घरी येऊन काम करणाऱ्याची मजुरी.

एजंट यापेक्षा बरीच मोठी रक्कम एकगठ्ठा सांगत असेल, तर सरकारी चलनाची प्रत आणि त्याची स्वतःची फी वेगवेगळी मागावी. हा खर्च दोघांनी निम्मा वाटून घ्यायचा की एकाने सोसायचा, हेही आधीच ठरवावे. एजंटची दलाली वेगळी असते. मुंबई-पुण्यात ती बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी सांगितली जाते, पण हा रिवाज आहे, कायदा नव्हे. त्यात घासाघीस करता येते. नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा दलाली लागणार का, हेही पहिल्याच दिवशी विचारावे.

समोरचा माणूस खरोखर मालक आहे का?

हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण मालक आपले आधार कार्ड, कंपनीचे ओळखपत्र, पगाराची पावती मागतो, तेव्हा आपणही त्याची कागदपत्रे पाहण्यात गैर काही नाही. चार कागद पुरेत : घर खरेदीची सूची क्रमांक दोन म्हणजे ‘इंडेक्स टू’, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, मालमत्ता कराचे ताजे बिल आणि विजेचे बिल. चारही कागदांवरचे नाव आणि करारातल्या मालकाचे नाव जुळायला हवे.

नावे दोन असतील, समजा पती-पत्नीची, तर दोघांच्याही सह्या घ्याव्यात. मालक परदेशात असेल आणि भाऊ किंवा मेहुणा करार करत असेल, तर त्याच्याकडचे कुलमुखत्यारपत्र वाचावे आणि त्यात घर भाड्याने देण्याचा अधिकार दिला आहे ना, ते पाहावे. ‘मीच सगळं बघतो’ हा अधिकार नव्हे. जो स्वतःच भाड्याने राहतो आणि एक खोली पुढे देतो, त्याला मूळ मालकाची लेखी परवानगी आहे का, तेही तपासावे. परवाना दुसऱ्याला देता येत नाही, अशी अट बहुतेक करारांत असतेच.

घरावर गृहकर्ज असेल आणि हप्ते थकले असतील, तर बँक जप्तीला येते आणि राहणारा कात्रीत सापडतो. कर्ज आहे का, हप्ते वेळेवर जातात का, हे विचारावे आणि ‘हप्ते थकल्यामुळे परवानाधारकाचे नुकसान झाल्यास मालक जबाबदार’ असे लिहून घ्यावे.

आपली कागदपत्रे देतानाही थोडी काळजी हवी. एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर आधार पाठवायचे असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार पाठवावे, आणि छायाप्रत देताना तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी.

डिपॉझिट : किती आणि कसे द्यावे

डिपॉझिटला महाराष्ट्रात कायद्याची कमाल मर्यादा नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली होती. पण तो नमुना आहे आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे आकडा ठरतो तो बाजारभावाने आणि बोलणीने.

डिपॉझिट बँकेतूनच, मालकाच्याच खात्यात द्यावे. घर अडवून ठेवण्यासाठी दिलेले टोकनसुद्धा एजंटच्या नव्हे, मालकाच्या खात्यात जावे. व्यवहाराचा क्रमांक, तारीख आणि रक्कम करारात उतरवावी. काही मालक खरी रक्कम करारात कमी दाखवायला सांगतात. अशा वेळी न दाखवलेले पैसे परत मागायला हातात कागद राहत नाही. मुद्रांकात वाचलेले शे-दोनशे रुपये त्या जोखमीपुढे काहीच नाहीत.

परतीची वेळ सर्वांत महत्त्वाची. ‘घर सोडल्यावर डिपॉझिट परत केले जाईल’ या वाक्यात तारीख नाही. त्याऐवजी ‘ताबा देतानाच, थकीत वीजबिल आणि लेखी हिशेबाने ठरलेली कपात वजा करून, उरलेली रक्कम परवानाधारकाच्या बँक खात्यात जमा केली जाईल’ असे असावे. शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून वळते करायचे असेल, तर तेही लिहिलेले हवे. परस्पर भाडे थांबवले तर करारभंगाचा ठपका आपल्यावर येतो.

‘हेवी डिपॉझिट’चे घर

मुंबई आणि उपनगरांत ‘हेवी डिपॉझिट’ची जाहिरात हमखास दिसते. काही लाख रुपये एकरकमी द्यायचे, भाडे नाही किंवा अगदी नाममात्र, आणि मुदत संपल्यावर पूर्ण रक्कम परत. दरमहा भाडे वाचते म्हणून गावाकडची जमीन विकून किंवा भविष्यनिर्वाह निधी काढून लोक अशी रक्कम देतात.

यात आपण मालकाला बिनतारण कर्ज देत असतो. मालकाने ते पैसे धंद्यात किंवा जुने कर्ज फेडण्यात घातले आणि परतीच्या दिवशी त्याच्याकडे पैसे नसले, तर आपल्या हातात दावा उरतो, रोख नाही. बरेचदा पुढचा राहणारा मिळून त्याचे डिपॉझिट येईपर्यंत आपले पैसे अडकून पडतात. एकच घर अनेकांना दाखवून सगळ्यांकडून रक्कम उकळण्याचे प्रकारही याच व्यवहारात घडतात. असा व्यवहार करायचाच असेल तर वरची चारही कागदपत्रे पाहावीत, सोसायटीच्या कार्यालयात जाऊन मालकाची खातरजमा करावी, पूर्ण रक्कम करारात लिहावी आणि करार नोंदल्याच्या दिवशीच ती द्यावी. आयुष्यभराची पुंजी यात घालू नये.

मुदत, लॉक-इन आणि नोटीस

या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या आहेत. मुदत म्हणजे करार किती काळाचा. लॉक-इन म्हणजे त्यातला असा काळ, ज्यात करार मोडता येत नाही. नोटीस म्हणजे घर सोडायच्या किंवा सोडवून घ्यायच्या किती दिवस आधी कळवायचे.

समजा भाडे २०,००० रुपये आणि लॉक-इन सहा महिन्यांचा. चौथ्या महिन्याच्या शेवटी तुमची बदली झाली. करारात ‘उरलेल्या लॉक-इनचे भाडे देणे बंधनकारक’ असे असेल, तर ४०,००० रुपये डिपॉझिटमधून कापले जातील. बदलीची नोकरी असेल तर ‘नियोक्त्याचे बदलीपत्र दाखवल्यास लॉक-इन लागू नाही’ अशी सवलत मागावी. अनेक मालक ती देतात, फक्त आधी मागायला हवी.

लॉक-इन दोघांनाही लागू आहे का, हेही पाहावे. कित्येक मसुद्यांत राहणारा अडकलेला असतो आणि मालक मात्र महिन्याच्या नोटिशीवर करार संपवू शकतो. शाळेत जाणारी मुले असलेल्या कुटुंबासाठी ऐन डिसेंबरात आलेली अशी नोटीस म्हणजे मोठे संकट. दोन्हीकडे सारखेच लॉक-इन आणि सारखीच नोटीस, इतके साधे तत्त्व आग्रहाने लिहून घ्यावे. नोटीस ईमेलने चालेल की पत्राने, हेही नमूद असावे.

दुरुस्ती, झीज आणि रंग

डिपॉझिटवरून सर्वांत जास्त भांडणे इथे होतात. छापील मसुद्यात साधारण असे वाक्य असते : ‘परवानाधारक जागा घेतली त्याच चांगल्या स्थितीत परत करील.’ वर्षभर कुटुंब राहिल्यावर भिंतीवर सोफ्याची रेघ उमटते, स्वयंपाकघराचा ओटा थोडा काळवंडतो, बाथरूमचा नळ ढिला होतो. वरच्या वाक्याचा आधार घेऊन या सगळ्याचे पैसे कापता येतात.

त्याच वाक्यापुढे इतके जोडून घ्यावे : ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून.’ मग दुरुस्तीची वाटणी स्पष्ट करावी. गळती, भिंतीतली ओल, छुपी वायरिंग, नळजोडणी, गीझर किंवा एसी जुना होऊन बंद पडणे हे मालकाकडे. दिवे, नळाचे वॉशर, आपल्या हातून फुटलेली काच हे आपल्याकडे. रंगकामासाठी सरसकट एक महिन्याचे भाडे कापायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती मान्य नसेल तर आधीच काढून टाकायला सांगावे, मान्य असेल तर निश्चित रक्कम लिहावी.

करारनाम्याच्या शेवटी सामानाची यादी जोडता येते. तिथे ‘पंखे, कपाटे इत्यादी’ असे मोघम न लिहिता प्रत्येक वस्तू स्थितीसह लिहावी. उदाहरणार्थ : ‘छताचे पंखे ४, चालू, गीझर १, चालू, शयनगृहातील कपाटाचा आरसा कोपऱ्यात तडकलेला, बाल्कनीची जाळी फाटलेली.’ किल्ली हातात घेण्याच्या दिवशी, सामान आत येण्याआधी, सगळ्या खोल्यांचे चित्रीकरण करावे. प्रत्येक नळ सोडून, प्रत्येक बटण दाबून, ओल असलेल्या भिंतीजवळ जाऊन चित्रण घ्यावे आणि त्याच दिवशी मालकाला पाठवावे. तारखेसह पाठवलेली ही चित्रफीत वर्षअखेरीस बरेच वाद सुरू होण्याआधीच मिटवते.

वीज, पाणी, गॅस आणि मेंटेनन्स

महावितरणच्या किंवा मुंबईतल्या संबंधित वीज कंपनीच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी आहे का ते पाहावे. आधीच्या राहणाऱ्याचे बिल थकले असेल तर खांबावरून वीज तोडायला येणारा माणूस करार कोणाचा हे विचारत नाही. ताबा घेताना वीज आणि पाइप गॅसच्या मीटरचे आकडे फोटोसह करारात किंवा ताबापत्रात नोंदवावेत. चाळीत किंवा बंगल्याच्या एका मजल्यावर सबमीटर असेल, तर युनिटचा दर लिहून घ्यावा.

सोसायटीचे मेंटेनन्स भाड्यात धरले आहे की वेगळे, हे मोघम ठेवू नये. पुण्याच्या पश्चिमेकडच्या अनेक नव्या वसाहतींत उन्हाळ्यात टँकरचे पाणी घ्यावे लागते आणि त्याचा जादा आकार येतो. तो कोणी द्यायचा? पार्किंगची जागा करारात क्रमांकासह आहे का? ‘पार्किंग आहे’ या शब्दांवर गाडी लावता येत नाही.

सोसायटी आणि पोलीस

सहकारी गृहनिर्माण संस्थेला भाडेकरूची माहिती आणि कराराची प्रत देणे ही सभासदाची, म्हणजे मालकाची जबाबदारी आहे. घर भाड्याने दिल्याबद्दल संस्था मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. हा भार मालकाचा असतो. तो तुमच्यावर टाकला जात असेल तर भाड्याच्या बोलणीत हिशेबात धरावा. सामान आणण्या-नेण्याचे शुल्क, पाहुण्यांचे नियम, पाळीव प्राणी, सामान न्यायला लिफ्ट वापरायची वेळ याबद्दल सोसायटीच्या व्यवस्थापकाला आधीच भेटून विचारावे. एजंटच्या ‘चालतं सगळं’वर विसंबू नये.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्याला देण्याचे आदेश पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात. ही जबाबदारी मालकाची असते आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. भरलेल्या अर्जाची प्रत आपल्याकडे ठेवावी.

चार मित्र, एक फ्लॅट

नोकरी करणारी मुले-मुली एकत्र घर घेतात तेव्हा करार बहुधा एकाच्याच नावावर होतो. मग भाडे थकले, काच फुटली, कोणी अर्ध्यावर निघून गेले, तर सगळे त्या एकाच्या गळ्यात पडते. उरलेल्यांची स्थितीही बरी नसते. करारात ज्याचे नाव परवानाधारक म्हणून नाही, त्याचा दावा सक्षम प्राधिकारी विचारात घेत नाही. शक्यतो सगळ्यांची नावे घालावीत, डिपॉझिटमध्ये कोणाचा वाटा किती ते लिहावे आणि एक जण गेल्यास त्याच्या जागी दुसरा येण्याची सोय ठेवावी. कॉट बेसिसवर किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांनीही पावती आणि अटींचा एक कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कराच्या दोन गोष्टी

जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची असेल आणि वर्षाचे भाडे एक लाखाहून जास्त असेल, तर मालकाचा पॅन क्रमांक लागतो. तो करारातच असावा. मार्चमध्ये मागायला गेल्यावर टाळाटाळ होते.

महिन्याचे भाडे ५०,००० रुपयांहून जास्त असेल, तर राहणाऱ्या व्यक्तीने त्यातून २ टक्के कर कापून सरकारजमा करायचा असतो. मालक अनिवासी भारतीय असेल तर ही ५०,००० ची मर्यादा लागत नाही आणि कपातीचा दर खूप जास्त असतो. कर कापायचा राहिला तर जबाबदारी आपल्यावर येते, म्हणून अशा वेळी सनदी लेखापालाला विचारूनच भाडे ठरवावे.

मुदत संपताना

नूतनीकरण आपोआप होत नाही. मुदत संपायच्या दोन महिने आधी राहायचे की निघायचे ते ठरवावे आणि राहायचे असेल तर नवा करार नोंदवावा. कलम २४ चे दुसरे पोटकलम कडक आहे. मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याला ताबा जाईपर्यंत परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. २०,००० च्या घराचे ते ४०,००० होतात. मालक तोंडी ‘राहा अजून दोन-तीन महिने’ म्हणाला, तर निदान त्याचा ईमेल घ्यावा आणि लगेच कराराच्या मागे लागावे. सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स आलेच, तर बाजू मांडण्याची परवानगी मागायला ३० दिवसच मिळतात. ते पत्र टेबलावर पडू देऊ नये.

दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. ताबा घ्यायचा कायदेशीर मार्ग प्राधिकाऱ्याकडून जातो. कुलूप बदलणे किंवा सामान जिन्यात आणून ठेवणे हा तो मार्ग नव्हे. पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडायला १९९९ च्या कायद्याच्या कलम २९ ने मनाई केली आहे. परवान्याच्या करारातही ‘मुदतीत कोणत्याही कारणाने वीज-पाणी बंद केले जाणार नाही’ हे वाक्य घालून घ्यावे.

मसुदा हातात आल्यावर

मसुदा अंगठा लावायच्या निदान दोन दिवस आधी मागवावा आणि घरी शांतपणे वाचावा. आधी नावे, फ्लॅट आणि विंगचा क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, भाडे, डिपॉझिट तपासावे. एका अंकाच्या चुकीसाठी पुढे दुरुस्तीचा दस्त करावा लागतो. मग लॉक-इन, नोटीस, दुरुस्ती, मालकाने घर पाहायला यायच्या अटी आणि डिपॉझिट परतीचे कलम वाचावे. मालकाने पूर्वसूचना देऊन, दिवसाउजेडी यावे, असे लिहिलेले चांगले. शेवटी सामानाची यादी.

घर पाहताना ज्या ज्या गोष्टी कबूल झाल्या, त्यांची एक यादी करावी : गणपतीआधी रंग देऊ, खिडकीला जाळी बसवू, दुसऱ्या वर्षी पाच टक्क्यांहून जास्त वाढ नाही. त्यातली प्रत्येक गोष्ट मसुद्यात सापडते का ते पाहावे. सापडली नाही तर घालायला सांगावे. ऑनलाइन मसुद्यात बदल होत नाही असे कोणी म्हणाले तरी ऐकू नये. नोंदणी होईपर्यंत तो मसुदाच असतो आणि दोघांच्या संमतीने बदलता येतो.

नोंदणीनंतर दस्त क्रमांक असलेली प्रत मागून घ्यावी आणि सूची क्रमांक दोनवर आपले नाव आले आहे का ते तपासावे. भाडे दरमहा बँकेतून द्यावे. रोख द्यावेच लागले तर सही असलेली पावती घ्यावी.

प्रामाणिक मालकालाही स्पष्ट करार हवाच असतो, कारण तो त्याचेही रक्षण करतो. जो माणूस बोलताना सगळे कबूल करतो पण तेच लिहून द्यायला तयार होत नाही, त्याने वर्षअखेरीस तो कसा वागेल हे पहिल्याच दिवशी सांगितलेले असते. अशा वेळी घर कितीही आवडले असले तरी दुसरे शोधावे. एक आठवडा जास्त शोधाशोध परवडते, वर्षभराची भांडणे आणि अडकलेले डिपॉझिट परवडत नाही.